आधी चूल, मग वावर

माझा साबण बाईंनी धोप्याच्या पानावरून ओळखला.

रिसोडला त्यांच्या घरी भाड्याने राहायला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. सकाळी कॉलेजला निघालो असता त्यांनी मला अंगणात थांबवले, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या धोप्याचे, म्हणजे अळूचे, एक रुंद पान उलटे करून माझ्यापुढे धरले आणि विचारले, "सर, साबण बदलला का तुमी?"

मी बदलला होता.

"कडा पाहा. करपून राह्यल्या. या पानायच्या वड्या चार घरी जातात. तुमाले सुगंध पाह्यजे असन त बादलीत पाय ठेवून आंघोळ करा अन् ते पाणी नालीत नेऊन टाका. माह्या धोप्याले नका पाजू."

मी त्याच दिवशी जुना साबण आणला. आमच्यातले हे पहिले संभाषण. त्यात माझा वाटा मान हलवण्यापुरता होता, आणि पुढेही तो फारसा वाढला नाही. मी कॉलेजचा ग्रंथपाल. पुस्तक मागायला आलेल्या विद्यार्थ्याशीही पुस्तकाकडे पाहूनच बोलत असे. कुटुंब कारंज्याला होते, आणि बावन्नाव्या वर्षी अनोळखी गावात खोली घेऊन राहताना आपण कोणाच्या नजरेत येऊ नये एवढीच माझी इच्छा होती. बाईंच्या घरात ती पुरी होण्यासारखी नव्हती.

गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे. तीस वर्षे त्यांनी गावाबाहेरच्या एका वस्तीत अंगणवाडी चालवली होती. त्या वस्तीतली कर्ती माणसे दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि पाडव्यानंतर परतत. मागे राहत म्हातारी माणसे आणि लहान मुले. निवृत्त झाल्यावरही बाईंचे वस्तीत जाणे थांबले नाही. तिथल्या प्रत्येक मुलाचे वजन त्यांना तोंडपाठ असे. रस्त्यात एखादे पोर दिसले तर त्या नावाऐवजी आकडा पुटपुटत: "अकरा-दोनशे. मागच्या महिन्यात साडेअकरा होतं." मग दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला राही.

फाल्गुन लागला की वस्तीची विहीर आटे आणि भाजीचे भाव असे चढत की वस्तीत फक्त मीठमिरची आणि भाकर उरे. त्या तीन महिन्यांसाठी बाई वर्षभर खटपट करत. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गच्चीवर भाडेकरूचा रुमालही वाळत घालायचा नाही, ही अट त्यांनी मला खोली दाखवण्याआधी सांगितली होती. वांग्याच्या आणि गवारीच्या काचऱ्या, मुंगवड्या, अंबाडीची फुले यांनी गच्ची भरलेली असे. खाली स्वयंपाकघरात पत्र्याची एक पोचे आलेली ट्रंक होती. तीत सोयाबीनचे कुटार, म्हणजे भुसा, ठासून भरलेले. तुरीच्या डाळीला एक उकळी आणून बाई ते पातेले गोधडीत गुंडाळत, कुटारात पुरत आणि झाकण लावून बाहेर निघून जात. तीन तासांनी डाळ मऊ शिजलेली असे.

"ट्रंकेत ठेवली ना सर, की तिले आपली आठवण येत नाई. निवांत शिजते. अर्धं जळण वाचते." एवढे सांगून त्या थांबत नसत. "पण मधात उघडाची नाई. उघडली त संपलं."

वस्तीत त्यांनी घरोघरी अशा पेट्या करून दिल्या होत्या, कुठे खोक्याच्या, कुठे बारदान्याच्या. मधेच झाकण उघडणाऱ्या घराशी त्या आठवडाभर बोलत नसत.

या साऱ्यात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे हरभऱ्याची वाळलेली भाजी. मार्गशीर्षात हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड आणखी फुटते, म्हणून शेतकरी खुडायला नाही म्हणत नाही; भाजी फुकट मिळते. ती सावलीत वाळवून, मडक्यात दाबून, वर कडुनिंबाचा पाला घालून तोंड बांधले की वर्षभर टिकते. मूठभर चुरा, थोड्या ज्वारीच्या कण्या आणि लसूण यांत चार माणसांचे भागते. मात्र ही भाजी धुवायची नसते. पानावर जी आंब असते तीच तिची चव आणि तेच तिचे मीठ. धुतली की ती गवतासारखी लागते.

आणि धुवायची नाही, म्हणूनच बाईंचा तो नियम होता.

वावरात पाय ठेवण्यापूर्वी त्या शेतकऱ्याच्या घरी जात. ओसरीवर थांबत नसत, सरळ चुलीपाशी जाऊन बसत आणि घरच्या बाईला म्हणत, "हरभऱ्याची भाजी वाढ." तिने वाढली आणि घरातल्या माणसांनीही खाल्ली असे दिसले, की त्या तिच्याकडून जुन्या लुगड्याची एक चिंधी मागून घेत. त्या वावरातल्या भाजीच्या मडक्याचे तोंड त्याच चिंधीने बांधले जाई. कोणते मडके कोणत्या घराचे, हे सांगायला चिठ्ठी लागत नसे.

गावाने या वागण्याचे निरनिराळे अर्थ लावले होते. बाई बौद्ध, त्यामुळे काहींच्या मते त्यांना वरच्या आळीतल्या चुलीपाशी बसून जेवण्याची हौस होती. काहींच्या मते तो फुकट जेवणाचा मार्ग होता. मला स्वतःला तो मानाचा प्रश्न वाटे, आणि त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मी मनातून जरा अवघडत असे. एकदा मी पिशव्या उचलायला त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्या घरच्या सुनेने ताट ओसरीवर आणून ठेवले.

"चुलीपाशी काहून नाई?" बाईंनी विचारले.

"आत पसारा हाय बाई."

"पसाऱ्यात बसन मी."

सून दारातच उभी राहिली. तिची सासू आतून म्हणाली, "वाढलं ना बाप्पा ताटात. आता चूलच पाह्यजे का?"

बाई उठल्या. ताटाला हात न लावता त्या पायरी उतरल्या. परतीच्या वाटेवर रिकाम्या पिशव्या माझ्या हातात होत्या. मी धीर करून विचारले, "भाजी तर चांगली दिसत होती. नेली असती तर?"

"जे मले आत येऊ देत नाई, ते मले खरंबी सांगत नाई," त्या म्हणाल्या. यापलीकडे स्पष्टीकरण नाही.

शिमग्याच्या आधीच्या दिवसांत त्यांचा आणखी एक विधी चाले. रोज दुपारी एका मडक्यातली भाजी त्या स्वतः शिजवून खात आणि दुसऱ्या दुपारपर्यंत वाट पाहत. काही झाले नाही तरच ते मडके वस्तीसाठी मोकळे. मला हे किंचित नाटकी वाटे.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात बाईंचा गुडघा सुजला. जिना चढणे बंद झाले, मग उंबराही ओलांडता येईना. हरभरा कोणासाठी थांबत नाही. दहा-बारा दिवसांत शेंडे निबर होतात. एका रविवारी त्यांनी मला बोलावले.

"खुडाले वस्तीतल्या दोघी म्हाताऱ्या येतात. तुमी फक्त संगं जा. शिरपूरच्या रस्त्यावर चार घरं हायेत, चारही माह्या ओळखीची. आधी चूल, मंग वावर. चुलीपाशी बसाचं, 'हरभऱ्याची वाढा' म्हणाचं. वाढली त खाची. नाई वाढली त उठून याचं. अन् चिंधी आणाची. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

पहिल्या घरचा शेतकरी फाट्यावरच मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याने मला थेट वावरात नेले. घर बांधावरून दिसत होते. दाराच्या चौकटीला हात टेकून एक बाई उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. अनोळखी पुरुषाने सरळ तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे आणि जेवायला मागायचे, या कल्पनेनेच माझी कानशिले तापली. मी तोंड फिरवले. झाडाकडे पाहत मी शेतकऱ्याला विचारले, "फवारणी वगैरे काही नाही ना?"

"नाई नाई सर. खुडा बिनधास्त."

दोघी बायकांनी चार पोती भरली. मी बांधावर उभा राहिलो.

"खाल्ली?" संध्याकाळी बाईंनी पलंगावरून विचारले.

"हो."

"कशी होती?"

"आंबट."

हरभऱ्याची भाजी आंबटच असते. ते सांगायला ती खावी लागत नाही. चिंधी मी माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्याची फाडली. पुढच्या तीन घरी मी अंगणापर्यंतही गेलो नाही. एकदा खोटे बोलून निभावले होते, आणि खरे करणे आता दुप्पट अवघड झाले होते. चारही चिंध्या निरनिराळ्या कापडांच्या असाव्यात याची मात्र मी काळजी घेतली. खोटेपणातही मी ग्रंथपालाची शिस्त सोडली नाही. त्या वर्षी गच्चीवरून नऊ मडकी उतरली. त्यांपैकी चार माझी होती; पाच बाईंनी गुडघा सुजण्याआधी स्वतः आणलेली.

फाल्गुनात, वाटपाला तीन दिवस उरले असताना, मी बाजारात लसूण घेत होतो. विकणाऱ्या बाईने तराजू खाली ठेवला.

"तुमीच ना ते सर? बाईच्या घरचे? आमच्या वावरात आलते खुडाले."

मी हो म्हणालो. तोपर्यंत मी तिचा चेहरा पाहिला नव्हता. पाहिल्यावर दाराची चौकट आठवली.

"घरात काहून नाई आले? मी वाट पाहून राह्यली होती दारात. बाई येतात त फाटकातूनच हाका मारतात."

"उशीर झाला होता," मी म्हणालो.

"सांगाचं होतं तुमाले. खालचा तुकडा बटईनं, अर्ध्या हिश्शानं देल्ला आमी. त्यानं आदल्याच दिवशी सांजच्याले फवारा मारला होता, अळीचा. आमच्या घरच्यायले मालूमच नोतं. मले मालूम, काहून का पंप आमच्याच टाक्यावर धुतला त्यानं. वास आला." ती माझ्याकडे पाहत राहिली. "मंग म्हटलं, सर वरच्याच तुकड्यातली खुडतीन. वरच्याच तुकड्यातली खुडली ना?"

बायका कुठे खुडत होत्या, हे मी पाहिलेच नव्हते.

लसणाचे पैसे देऊन लसूण न घेताच मी निघालो. बाजारातून घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा आहे. मी आधी भराभर चालू लागलो आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच भर बाजारात, धावलो. बाई त्यांच्या त्या विधीत कोणत्या मडक्यापर्यंत आल्या असतील, याचा हिशेब मला लागत नव्हता.

त्या उंबऱ्यावर बसून डाळ निवडत होत्या. गुडघा आता बरा होता.

"शिरपूरच्या रस्त्यावरचं पहिलं घर," मी म्हणालो. मला धाप लागली होती. "ते मडकं उघडलं का?"

"परवाच. माह्या पोटात हाय. काहून?"

मी सांगितले. चौकटीतली बाई, बटईवाला, पंप. वाक्ये माझ्या तोंडून उलटसुलट येत होती. बाईंनी सूप बाजूला ठेवले.

"म्हणजे तुमी घरात गेलेच नाई."

"नाही."

"अन् आंबट होती म्हणाले."

मला वाटले होते त्या ओरडतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चपला कुठी हायेत माह्या?"

"तुम्हाला काही झालं नाही ना? परवा खाल्ली म्हणालात."

"मले काय होते? साठ किलोची बाई मी. सकाळी म्हातारी आलती वस्तीतली. घरात काई नाई म्हणाली. त्याच मडक्यातली दोन मुठी देल्ली तिले." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "तिच्या घरी दोन नाती हायेत सर. थोरली सोळा किलो. धाकटी साडेनऊ."

माझ्याकडे जुनी स्कूटर होती. त्या स्कूटरवर बसणार नाही असे बाईंनी मला कित्येकदा बजावले होते. त्या माझ्या मागे बसल्या, माझा खांदा घट्ट धरला, आणि वस्तीपर्यंत एकच वाक्य बोलल्या: "गड्डे नका पाहू, चालवा."

म्हातारीच्या झोपडीबाहेर खोक्याची पेटी उघडी पडली होती. पातेले रिकामे होते. थोरली नात राखेने ताटल्या घासत होती.

"जेवल्या का वं पोरी?" बाईंनी दारातून विचारले.

"जेवल्या की. कवाच जेवल्या," म्हातारी हसत बाहेर आली. "धाकटीनं दोन डाव मागून घेतली. गोड लागली म्हणे. बाईच्या हातची चव हाय."

बाईंनी धाकटीला कडेवर घेतले, तिच्या डोळ्यांत पाहिले, तोंडाचा वास घेतला. मग म्हातारीला म्हणाल्या, "चल. दवाखान्यात जाचं हाय. भाजीत दवाई असू शकते."

म्हातारीला क्षणभर समजले नाही. समजले तेव्हा ती किंचाळली नाही. नुसती खाली बसली. बाईंनी तिला बगलेत हात घालून उठवले. रस्त्यावर एक काळीपिवळी जीप थांबवून आम्ही सगळे तिच्यात शिरलो. जीपमध्येच बाईंनी शेतकऱ्याला फोन लावला. "बटईवाल्याकून बाटलीचा फोटो घे अन् धाड. आत्ता. मंग बोलू." अर्ध्या रस्त्यात धाकटीला उलटी झाली. ती भाजीची होती, जीपच्या हिसक्यांची होती, की आमच्या घाबरलेल्या चेहऱ्यांची, हे मला आजही माहीत नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मोबाईलवरचा फोटो मोठा करून वाचला, भाजी कधी खुडली ते विचारले, दोघींच्या बाहुल्या तपासल्या, नाडी पाहिली. धोका नाही असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "सध्या काही दिसत नाही. बरेच दिवस झालेत खुडून, औषध उतरलेलं असायला पाहिजे. पण सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत इथंच बसा."

आम्ही बसलो. बाकावर म्हातारी, तिच्या मांडीवर धाकटी, शेजारी बाई, आणि टोकाला मी. मुलगी जांभई द्यायची तरी बाई वाकून पाहायच्या. तिला झोप लागली तेव्हा त्यांनी तिला दोनदा उठवले. तिसऱ्यांदा म्हातारी म्हणाली, "निजू द्या ना तिले," आणि बाई म्हणाल्या, "नाई निजू द्यायची," आणि मग त्या दोघी एकमेकींकडे पाहीनाशा झाल्या. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता पुनःपुन्हा वाचत होतो. दर अर्ध्या तासाने डॉक्टर येत, टॉर्च मारत आणि निघून जात.

त्या बाकावरच बाईंनी मला हळू आवाजात विचारले, "बाकीच्या तीन घरी बसले होते?"

"एकाही घरी नाही."

"चिंध्या पाह्यल्या होत्या मी," त्या समोर पाहत म्हणाल्या. "उशीचा अभ्रा वळखू येते सर. म्हटलं, लाजरा माणूस हाय, चिंधी मागाले लाजला असन. जेवला त असनच." मग त्यांनी पुढे सांगितले, "भाजी आणाले नोतं पाठोलं मी तुमाले. भाजी त बायायनंच आणली असती. विचाराले पाठोलं होतं. वावराच्या मालकाले पीक मालूम असते. पंप कवा धुतला, कपड्याले वास कवा आला, कोणत्या दिवशी लेकरायले वावरात जाऊ देल्लं नाई, हे चुलीपाशीच मालूम असते."

दोन वर्षे मी ज्याला मानाचा हट्ट समजत होतो, त्याचा अर्थ मला तिथे कळला. तो मानाचाही होताच. पण ज्या घरात तो मान मिळत नसे, तिथून खरी माहितीही मिळत नसे, आणि बाईंच्या लेखी या दोन्ही गोष्टी एकच होत्या.

सहाच्या सुमारास धाकटीने बिस्किट मागितले. डॉक्टरांनी दोघींना घरी नेण्याची परवानगी दिली, सकाळी पुन्हा आणायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून दोघी नाती हिंडत्याफिरत्या परत आल्यावर बाईंनी माझी चारही मडकी खाली आणवली. त्या घरात कांद्याचे सालही वाया जात नसे. कुजवण्याच्या खड्ड्यात सगळे जाई. पण ही भाजी त्यांनी त्या खड्ड्यात टाकू दिली नाही. घराच्या मागे, विहिरीपासून आणि धोप्यापासून दूर, त्यांनी मला कंबरभर खोल खणायला लावले. शेतकरिणीचे मडके एकटे दोषी होते. उरलेली तीन कदाचित निर्दोष असतील. मी तसे सुचवून पाहिले.

"असतीन," बाई म्हणाल्या. "मले मालूम नाई. तुमालेबी नाई."

चारही मडकी त्यांनी स्वतः उपडी केली. दीड महिन्याची चार माणसांची मेहनत आणि वस्तीची जवळजवळ अर्धी भाजी खड्ड्यात गेली. मी माती लोटली.

त्यानंतर आम्ही वस्तीत गेलो. बातमी आधीच पोहोचली होती. म्हातारीच्या दारापुढे पंधरा-वीस माणसे जमली होती, बहुतेक म्हाताऱ्या. बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"माह्याकून चूक झाली," त्यांनी सुरुवात केली. "गुडघा दुखून राह्यला होता म्हणून मी दुसऱ्याले—"

"चूक माझी आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "बाईंनी घरात जाऊन विचारायला सांगितलं होतं. मी गेलो नाही, आणि गेलो असं सांगितलं. चार वेळा."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "काहून नाई गेले?"

या प्रश्नाचे उत्तर फार लहान होते. "लाज वाटली."

"कायची लाज?" एक बाई म्हणाली. "आमची पोरं मरतीन त चालते, पन यायले लाज वाटते."

"मंग आता उरली त्याचं काय?" दुसरी म्हणाली. "पाच मडकी हायेत म्हणता. ती चांगली, हे कोनी सांगाचं? याच सरनं?"

"ती मी खाल्ली हाय," बाई म्हणाल्या.

"तुमी त कालचीबी खाल्ली होती."

तीस वर्षे ज्या वस्तीत त्यांचा शब्द चाले, तिथे त्या नुसत्या उभ्या होत्या. पाच मडकी, आणि पुढे तीन महिने उन्हाळा. वस्तीने ती भाजी घेतली नसती तर मुलांना मीठमिरचीच उरली असती, आणि घ्यावी असे म्हणायला आमच्याकडे काही उरले नव्हते.

म्हातारीने धाकटीला खाली ठेवले. "इथं शिजवा," ती म्हणाली. "माह्या चुलीवर. रोज एक मडकं. तुमी दोघंबी खा, आमच्यापुढं. संध्याकाळवरी इथंच बसा. पाच दिवस. मंग पाहू."

मी पाच दिवस अर्धी रजा टाकली. दुपारी आम्ही मडके घेऊन जायचो. म्हातारीच्या चुलीपाशी बाई लसूण ठेचायच्या, कण्या टाकायच्या. मग आम्ही दोघे समोरासमोर बसून जेवायचो आणि वस्ती पाहायची. पहिल्या दिवशी मी एकेक घास बराच वेळ चावत राहिलो.

"सर, चावून राह्यले का मोजून राह्यले?" मागून कोणीतरी विचारले, आणि दोन-तीन जणी हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला.

जेवण झाले की आम्ही कडुनिंबाखाली बसून राहायचो. बाई माझ्याशी बोलत नसत. येणाऱ्याजाणाऱ्या मुलांकडे पाहून त्यांचे आकडे मात्र चालू असत. दुसऱ्या दिवशी पाहणारी माणसे कमी झाली. तिसऱ्या दिवशी एक बाई माझ्याजवळ येऊन माझा चेहरा निरखून गेली. चौथ्या दिवशी मला थोडी मळमळ वाटली. ती मी कोणाला सांगितली नाही, आणि न सांगितल्याचे लक्षात येताच उठून बाईंना सांगितली. त्यांनी मला पाणी पाजले आणि तासभर माझ्या मनगटावर बोट ठेवून बसल्या. ते उन्हाचे होते.

पाचव्या दिवशी फक्त म्हातारी होती. आमची ताटे तिने उचलली, पातेल्यात उरलेली भाजी पाहिली आणि पातेले घेऊन आत गेली. उन्हे कलली, तसे आम्ही निघायला उठलो. बाई फाटक्या चपलेचा अंगठा बसवत होत्या. म्हातारी दारात आली.

"सर," तिने मला हाक मारली, बाईंना नाही. "पोरी जेवाले बसून राह्यल्या. आत या. पाहा."

मी बाईंकडे पाहिले.

"मले काय पाह्यता?" त्या चपलेवरून नजर न काढता म्हणाल्या. "तुमाले बोलावलं तिनं."

दार ठेंगणे होते. आत अंधारात चुलीची धग अजून होती. थोरली भराभर जेवत होती. धाकटीने भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि माझ्याकडे पाहून तोंड वाकडे केले.

"आंबट हाय," ती म्हणाली.

"आंबटच असते," मी म्हणालो. या वेळी मला ते माहीत होते.

मी चुलीपाशी बसलो. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. तिचे ताट रिकामे झाले, म्हातारीने ते उचलून नेले, थोरली हात धुऊन बाहेर पळाली. धाकटी भिंतीला टेकून एका दोऱ्याशी खेळू लागली. मी बराच वेळ तिथून उठलो नाही.